तारणदायी विश्वास हे देवाचे दान आहे काय?

नगरचा_वाचक (धागाकर्ता)

बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे वचन संडेस्कूलच्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत बहुतेकांना तोंडपाठ असते. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, झाले आहे. हे आपल्या हातून झालेले नाही, हे देवाचे दान आहे. तारण हे दान आहे याविषयी कोणत्याही मंडळीत दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या विश्वासाने ते तारण स्वीकारायचे, तो विश्वासही देवच देतो, की तेवढा भाग माणसाने स्वतःहून करायचा असतो? उपदेश ऐकताना दोन्ही गोष्टी एकाच दमात कानावर येतात आणि कोणी थांबून विचारले की वातावरण थोडे अवघडते, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी या वचनाचेच पाहू. मूळ ग्रीकमध्ये ‘हे’ हे सर्वनाम नपुंसकलिंगी आहे, तर कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे सर्वनामाचा रोख एकट्या विश्वासाकडे आहे असे व्याकरणाच्या बळावर ठामपणे म्हणता येत नाही, तो मागच्या संपूर्ण विधानाकडे, म्हणजे कृपेने विश्वासाद्वारे तारण होण्याकडे आहे असे मानणे अधिक सरळ ठरते. गंमत अशी की विश्वास हे दान आहे असे ठासून सांगणारा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन या वचनावरील भाष्यात मात्र इथे दान म्हटले आहे ते विश्वासाला नव्हे, तारणाला, असे लिहितो. उलट माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर सतत भर देणारा आणि ग्रीक हीच मातृभाषा असलेला प्राचीन उपदेशक ख्रिसोस्तोम याच वचनावर बोलताना म्हणतो की विश्वासही आपल्यापासून नाही, कारण ख्रिस्त आला नसता, त्याने बोलावले नसते, तर आपण विश्वास ठेवला असता कसा? दोघांनीही आपापल्या पक्षाला सोयीचा अर्थ काढलेला नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून या एका वचनावर सगळी भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे. त्याहून भक्कम आधार मला फिलिप्पै इथल्या मंडळीच्या कहाणीत दिसतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. शब्बाथ दिवशी नदीकाठी जमलेल्या स्त्रियांत थुवतीरा गावची जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया बसलेली आहे. प्रेषित पौल बोलतो आणि या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की प्रभूने तिचे अंतःकरण उघडले, म्हणून तिने त्या बोलण्याकडे लक्ष दिले. त्याच अध्यायात पुढे भूकंपानंतर थरथर कापत आलेला तुरुंगाधिकारी विचारतो, माझे तारण व्हावे म्हणून मी काय करू? त्याला उत्तर मिळते ते आज्ञेच्या रूपात : प्रभू येशूवर विश्वास ठेव. एकीच्या बाबतीत देवाची कृती सांगितली आहे, दुसऱ्याला त्याची स्वतःची कृती सांगितली आहे. आता पौलाने पुढे याच मंडळीला पाठवलेल्या पत्रात (फिलिप्पै १:२९) काय लिहिले आहे ते पाहावे. ख्रिस्तासाठी दुःख सोसणे एवढेच नव्हे, तर त्याच्यावर विश्वास ठेवणे हेही तुम्हांला कृपेने देण्यात आले आहे. हे ऐकणाऱ्यांत लुदिया असेल आणि तो तुरुंगाधिकारीही असेल. ज्याला आज्ञा केली होती, त्यालाही पौल नंतर सांगतो की तुझा विश्वास तुला दिलेला होता.

यावरून विश्वास हे दानच आहे असे मी मानतो. मात्र त्यामुळे ती माणसाची कृती उरत नाही, असे मला वाटत नाही. विश्वास माणूसच ठेवतो. देव त्याच्या वतीने ठेवत नाही. सदस्यांनी आपापल्या परंपरेतून लिहावे.


वसईकर

चांगला विषय. कॅथलिक बाजूने थोडे लिहितो, कारण आम्ही कर्माने तारण मानतो असा समज मराठी प्रोटेस्टंट वाचकांत अजूनही आढळतो.

आमच्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (१९९२) श्रद्धा हे देवाचे दान आहे, देवाने ओतलेला अलौकिक सद्गुण आहे, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि लगेच पुढे श्रद्धा ही खरोखर मानवी कृतीही आहे असे म्हटले आहे. हे नवे नाही. पाचव्या शतकात दक्षिण गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, मार्सेय परिसरातल्या मठवासीयांनी असा मध्यममार्ग सुचवला होता की कृपेची गरज सर्वांनाच आहे, पण निदान काहींच्या बाबतीत पहिले पाऊल, श्रद्धेचा आरंभ, माणसाकडून होतो आणि मग देव मदतीला येतो. इ.स. ५२९ मध्ये ऑरेंज येथे आर्लचा बिशप सिझेरियस याच्या पुढाकाराने भरलेल्या धर्मसभेने हा मार्ग नाकारला. श्रद्धेची वाढच नव्हे, तर तिचा आरंभ आणि विश्वास ठेवावासा वाटणे हेसुद्धा कृपेचेच दान आहे, असे तिच्या पाचव्या कलमात आहे. पुढे ५३१ मध्ये पोप दुसरे बोनिफेस यांनी त्याला मान्यता दिली. याच सभेने, देवाने काहींना दुष्टतेसाठी नेमून ठेवले आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याचा तीव्र शब्दांत निषेधही केला. हे वाक्य वादात अनेकदा गाळले जाते.

१५४७ मध्ये, प्रोटेस्टंट सुधारणेला उत्तर म्हणून भरलेल्या कॅथलिक ट्रेंट धर्मसभेनेही आरंभ कृपेचाच असे सांगितले. प्रोटेस्टंट मताशी तिचा मतभेद आहे तो पुढच्या टप्प्यावर : कृपेने हलवलेली इच्छा त्या कृपेला होकार देते, सहकार्य करते आणि ती नाकारूही शकते.

आणखी एक. पवित्र शुक्रवारच्या उपासनेत दहा गंभीर प्रार्थना म्हटल्या जातात. त्यांत ख्रिस्तावर श्रद्धा नसलेल्यांसाठी एक आणि देवच न मानणाऱ्यांसाठी एक अशा स्वतंत्र प्रार्थना असतात. त्या म्हणताना आपण देवाकडे मागतो तरी काय? त्या माणसाच्या अंतःकरणात देवाने काही करावे, हेच ना? श्रद्धा जर सर्वस्वी ज्याच्या-त्याच्या हातात असेल, तर प्रार्थना देवाकडे न करता त्या माणसाकडे विनंती करायला हवी. उत्तर आफ्रिकेतील बिशप आणि ईश्वरविज्ञानी ऑगस्टीन याचा पाठीराखा प्रॉस्पर याने पाचव्या शतकात नेमका हाच युक्तिवाद केला होता : मंडळी जशी प्रार्थना करते, त्यावरून तिने काय मानावे हे ठरते.


मळ्यातली_पायवाट

प्रार्थनेचा मुद्दा फार आवडला. आमच्या मंडळीत इच्छास्वातंत्र्यावर तासभर बोलणारे बंधूही शेवटी ‘प्रभो, माझ्या भावाचे मन वळव’ अशीच प्रार्थना करतात!


वेस्लीचा_शेजारी

मी मेथॉडिस्ट घरातला. आमच्याविषयीही एक समज दूर करायला हवा. विश्वास हा माणसाचा स्वतःचा पराक्रम आहे असे डच ईश्वरविज्ञानी आर्मिनियस याच्या अनुयायांनी (आम्ही याच बाजूचे) कधीच म्हटलेले नाही. १६१० साली हॉलंडमध्ये त्यांनी जी पाच कलमे मांडली, त्यातील तिसऱ्यात माणसाजवळ तारणदायी विश्वास स्वतःपासून किंवा इच्छास्वातंत्र्याच्या बळावर असत नाही, पवित्र आत्म्याने त्याला नवा जन्म दिला पाहिजे, असे म्हटले आहे. चौथ्यात मात्र कृपेला विरोध करता येतो असे आहे, आणि खरे भांडण तिथे आहे. हॉलंडमधीलच डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या, कॅल्विनच्या परंपरेतील धर्मसभेने त्याला उत्तर दिले : विश्वास देवाचे दान आहे ते, देव तो देऊ करतो आणि घ्यायचा की नाही हे माणसाच्या मर्जीवर सोडतो अशा अर्थाने नव्हे, तर तो प्रत्यक्ष देतो, माणसात फुंकतो, ओततो, अशा अर्थाने.

आर्मिनियसने एक दाखला दिला होता. श्रीमंत माणसाने भिकाऱ्याला भिक्षा घातली आणि भिकाऱ्याने ती घेण्यासाठी हात पुढे केला, तर केवळ हात पुढे केला म्हणून ती भिक्षा दान राहत नाही काय? माझ्या मते याला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. दान घेणे म्हणजे दान कमावणे नव्हे. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन आपल्या न्यायाधीशांना ‘तुम्ही नेहमी पवित्र आत्म्याला विरोध करता’ असे सुनावतो आणि येशू यरुशलेमेसाठी ‘तुमची इच्छा नव्हती’ असे म्हणत शोक करतो, तेव्हा विरोध खराच शक्य असला पाहिजे.

आमच्या मेथॉडिस्ट परंपरेचा प्रवर्तक वेस्ली याची भूमिका अशी की आदामाच्या पतनामुळे माणूस स्वतःहून देवाकडे वळू शकत नाही हे खरे, पण ख्रिस्तामुळे प्रत्येक माणसाला एक पूर्वगामी कृपा मिळालेली असते, जी त्याची इच्छा इतकी मोकळी करते की तो सुवार्तेला होकार देऊ शकतो. म्हणजे हात पुढे करण्याची ताकदसुद्धा कृपेचीच.


नगरचा_वाचक (धागाकर्ता)

भिकाऱ्याच्या दाखल्याला डॉर्टचे उत्तर असे असेल की इफिस २:१ मध्ये आपल्याला भिकारी नव्हे, मेलेले म्हटले आहे, आणि मेलेला हात पुढे करत नाही. पण तुम्ही वेस्लीचे जे मांडले, त्याने हे उत्तरही बरेचसे निष्प्रभ होते, हे मान्य करतो, कारण पूर्वगामी कृपेने त्या मेलेल्यात आधीच थोडा जीव आणलेला आहे. मग वेस्लीला विचारायचा प्रश्न वेगळा. ही पूर्वगामी कृपा सर्वांना सारखीच मिळते असे शास्त्रात कुठे आहे? योहान १२:३२ मधील ‘सर्वांना माझ्याकडे आकर्षून घेईन’ हे वचन दिले जाते, पण योहान ६:४४ मध्ये पित्याने आकर्षिल्याशिवाय कोणी येऊ शकत नाही असे सांगून लगेच, जो येतो त्याला मी शेवटच्या दिवशी उठवीन, असे म्हटले आहे. तिथे आकर्षिले जाणे आणि उठवले जाणे यांच्या मध्ये कोणी गळून पडल्याचा उल्लेख नाही.

माझा मुख्य अडथळा याहून साधा आहे. एकाच घरातील दोन बहिणी एकाच बाकावर बसून एकच उपदेश ऐकतात. दोघींना पूर्वगामी कृपा सारखीच. एक विश्वास ठेवते, दुसरी ठेवत नाही. फरक कशाने पडला? फरक कृपेचा नसेल, तर तो पहिलीच्या काही तरी चांगुलपणाचा, नम्रतेचा, समंजसपणाचा म्हणावा लागेल. आणि तसे म्हटले की १ करिंथ ४:७ समोर येऊन उभे राहते : तुला मिळाले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?

याच वचनाने ऑगस्टीनचे मत बदलले होते. तरुणपणी, रोमकरांस पत्रावर लिहिताना, त्याचे म्हणणे असे होते की विश्वास ठेवणे हे आपल्याकडे आणि सत्कर्माची शक्ती देणे हे देवाकडे. पुढे बिशप झाल्यावर सुरुवातीलाच मिलानच्या सिंप्लिशियानसच्या प्रश्नांना उत्तरे लिहिताना तो या वचनापाशी अडला आणि त्याची जुनी मांडणी कोसळली. आयुष्याच्या शेवटी, ४२८-२९ च्या सुमारास, मार्सेयच्या त्याच मठवासीयांना उत्तर देताना त्याने हे सारे स्वतः सांगितले आहे : तुम्ही आज जे म्हणता ते मीही एकेकाळी म्हणत होतो. माणूस स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसशी वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे घडले. त्यामुळे वादात जिंकण्यासाठी त्याने ही भूमिका घेतली, हा आक्षेप टिकत नाही.


सदाशिवपेठी_जिज्ञासू

मी ख्रिस्ती नाही, परंतु धागा लक्षपूर्वक वाचत आहे. देवाच्या कृपेवाचून मुखी नामही येत नाही, असे आमच्याकडेही कीर्तनात ऐकायला मिळते, म्हणून मांडणी परकी वाटली नाही. पण एक शंका येतेच. विश्वास देव देतो आणि विश्वास नसल्यास शिक्षा होते, असे दोन्ही मानले तर ज्याला दिलेच नाही त्याला दोष कसा द्यायचा? आमच्या परंपरेत जन्मांची साखळी असल्याने या प्रश्नाची धार काहीशी कमी होते. तुमच्याकडे एकच जन्म.


नगरचा_वाचक (धागाकर्ता)

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि याला गुळगुळीत उत्तर देऊ नये.

डॉर्टच्या परंपरेचे उत्तर असे आहे की अविश्वासाचे कारण माणसातच आहे आणि विश्वासाचे कारण देवात आहे. या दोन्ही बाजू सममित नाहीत. देव कोणाच्या अंतःकरणात अविश्वास घालत नाही. माणूस देवापासून स्वतःच्या इच्छेने दूर आहे, त्याला कोणी जबरदस्तीने दूर ठेवलेले नाही. त्याला येता येत नाही, कारण त्याला यावेसेच वाटत नाही. अशा अवस्थेत देव काहींचे मन बदलतो ही दया आहे, आणि दया कोणाचे देणे लागत नाही. तर्क म्हणून हे मला पटते. तरी ज्याला अमर्याद दया करता येते, त्याने ती सर्वांवर का केली नाही, या तुमच्या मूळ प्रश्नाला ते उत्तर देत नाही. आणि सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, हे १ तीमथ्य २:४ माझ्याही पवित्र शास्त्रात आहे. पौल स्वतः रोम ९ ते ११ मध्ये या प्रश्नाभोवती तीन अध्याय घालवतो आणि अकराव्याच्या शेवटी, देवाचे मार्ग अगम्य आहेत, या स्तुतीवर थांबतो.

वेस्लीच्या बाजूला ही अडचण येत नाही, पण तिथे दोन बहिणींची अडचण येते. कोणती अडचण घेऊन जगायचे, एवढीच निवड आपल्याला आहे असे मला वाटते. मी पहिली निवडतो, कारण दुसरीत शेवटी माझ्या वाट्याला थोडी का होईना आढ्यता येते, आणि इफिस २:९ ती मुळापासून काढू पाहते.


वेस्लीचा_शेजारी

आढ्यतेबाबत असहमत. बुडणाऱ्याने दोर धरला म्हणून तो किनाऱ्यावर येऊन स्वतःची फुशारकी मारत नाही. पण दोन बहिणींच्या प्रश्नाला आमच्याकडे ‘स्वतंत्र इच्छा म्हणजेच जिचे पुढचे कारण सांगता येत नाही ती’ याखेरीज उत्तर नाही, हे कबूल. ते उत्तर मला पुरेसे वाटते, तुम्हांला वाटत नाही. कॅल्विनच्या मताचा उपदेशक व्हिटफील्ड आणि त्याचा सहकारी वेस्ली याच मुद्द्यावर १७४० च्या आसपास जाहीरपणे दुरावले, पण त्यांचे आपसातले प्रेम टिकले. व्हिटफील्ड वारल्यावर लंडनमधील त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच दिले.

आणि इथली स्थिती पाहा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन आणि ब्रिटिश मेथॉडिस्ट परंपरेच्या मंडळ्या तिच्यात एकत्र आल्या. नगर भागातल्या अमेरिकन मराठी मिशनचा वारसाही तिच्यातच आला. म्हणजे डॉर्टचे वारस आणि वेस्लीचे वारस एकाच वेदीपाशी प्रभुभोजन घेतात.


ओवी_आणि_वचन

चर्चा विश्वास कोण देतो यावर चालली आहे, पण कोणता विश्वास, हे सांगितले गेलेले नाही. जुने ईश्वरविज्ञानी विश्वासाचे तीन घटक सांगत : माहिती असणे, ती खरी मानणे आणि भरवसा टाकणे. देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथरतात, असे याकोब २:१९ मध्ये आहे. म्हणजे पहिले दोन त्यांच्यापाशीही आहेत. दानाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिसऱ्याविषयी आहे.

याचे जवळचे उदाहरण पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. धर्मग्रंथांचा अभ्यास, चिकित्सा, युक्तिवाद यांत त्या कोणालाही हार जाणाऱ्या नव्हत्या. तरी १९०७ मधील आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. माहिती होती, मान्यताही होती. उरलेले अभ्यासाने आले नाही. एवढी बुद्धिमान आणि स्वतंत्र बाण्याची स्त्री तो शेवटचा टप्पा स्वतःच्या नावावर मांडत नाही, ही गोष्ट धागाकर्त्यांच्या बाजूची आहे असे मला वाटते.

मात्र ते दान आकाशातून अचानक पडत नाही, हेही त्याच आयुष्यात दिसते. वाचन, उपासना, इतरांच्या साक्षी यांतूनच ते आले. विश्वास ऐकण्याने येतो असे रोम १०:१७ सांगते. १५३० च्या, लूथरच्या बाजूच्या मंडळ्यांच्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचे पाचवे कलम म्हणते की हा विश्वास मिळावा म्हणूनच देवाने वचनसेवा नेमली. पवित्र आत्मा वचन आणि संस्कार या साधनांतून, त्याला योग्य वाटेल तिथे आणि तेव्हा, विश्वास निर्माण करतो. जर्मन सुधारक लूथर या बाबतीत इतका ठाम होता की १५२९ च्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरावलीत मुलांनी म्हणायचे वाक्यच असे आहे : मी स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पण पवित्र आत्म्याने मला सुवार्तेच्या द्वारे बोलावले आहे. विश्वासाच्या कबुलीतच विश्वास ठेवता न येण्याची कबुली!


मळ्यातली_पायवाट

वाद बाजूला ठेवून एक विचारते. उपासनेला जाते, प्रार्थना करते, पण आत काही हलत नाही असे महिनोन्‌महिने वाटते. विश्वास हे दान असेल, तर मला ते मिळालेलेच नाही असे समजायचे का? ही चर्चा वाचून धीर येण्याऐवजी भीतीच वाटली.


नगरचा_वाचक (धागाकर्ता)

ताई, हा प्रश्न डॉर्टला जमलेल्यांनीही गृहीत धरला होता, आणि ज्यांना आपण सर्वांत कठोर समजतो त्यांनीच त्याला सर्वांत मृदू उत्तर दिले आहे. त्यांच्या पहिल्या प्रकरणाचे सोळावे कलम खास अशांसाठी आहे, ज्यांना आपल्यात जिवंत विश्वास किंवा मनाची खात्री जाणवत नाही, तरी जे देवाने नेमलेली साधने वापरत आहेत. त्यांनी निवडीचा, म्हणजे देव काहींना तारणासाठी निवडतो हा, विषय ऐकून घाबरू नये, स्वतःला वगळलेल्यांत मोजू नये. साधने वापरत राहावे आणि अधिक कृपेच्या घटकेची नम्रतेने वाट पाहावी, कारण मिणमिणती वात देव विझवत नाही. कॅल्विनच्याच परंपरेतील १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबातही खात्री ही विश्वासाचा असा अविभाज्य भाग नाही, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते, असे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे न जाणवणे आणि नसणे ही एकच गोष्ट नाही.

मार्क ९:२४ मधील बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ असे ओरडतो. येशू त्याला आधी पुरेसा विश्वास घेऊन ये असे सांगत नाही; त्याचा मुलगा बरा होतो. विश्वास मागावा लागतो, हे त्या बापाला ठाऊक होते. तुम्हांलाही तो हवासा वाटतो, आणि ऑरेंजच्या ज्या पाचव्या कलमाचा उल्लेख वसईकरांनी केला, त्यानुसार ते हवेसे वाटणेसुद्धा कृपेच्याच खात्यात जाते.


वसईकर

याला पूर्ण अनुमोदन. फक्त एक पुस्ती : हे एकट्याने घरी बसून सोसू नये. आपल्या पाळकांशी किंवा भरवशाच्या ज्येष्ठ भगिनीशी बोलावे. महिनोन्‌महिने मन असे कोरडे राहण्यामागे थकवा, आजारपण किंवा नैराश्यही असू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे.


मळ्यातली_पायवाट

दोघांचेही आभार. सोळावे कलम मराठीत कुठे वाचायला मिळेल?


नगरचा_वाचक (धागाकर्ता)

येत्या रविवारपर्यंत त्या कलमाचा मराठी मसुदा इथेच टाकतो. भाषा वसईकरांनी आणि ओवी_आणि_वचन यांनी तपासून द्यावी. १ करिंथ १२:९ मध्ये ज्या विश्वासाचा उल्लेख आहे ते सर्वांना न मिळणारे वेगळे कृपादान आहे. त्यावर मला व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारले आहे, पण तो विषय इथे मिसळू नये. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.